एल्कसाठी ठेवलेली जागा

एडिसनमधल्या मराठी मंडळींत माझी कीर्ती बॅगा भरणारा माणूस म्हणून आहे. सॉफ्टवेअरमध्ये जन्म घालवला, पण त्याबद्दल मला कोणी कधी काही विचारलं नाही. कोणी भारतात निघालं की मात्र फोन येतो. "काका, संध्याकाळी येता का जरा? बॅग बंदच होत नाहीये." मी जातो, चहा घेतो, हॉलभर पसरलेला संसार बघतो आणि कामाला लागतो. बुटांत मोजे, मोज्यांत व्हिटॅमिनच्या बाटल्या, कुकरमध्ये चॉकलेटं. जड वस्तू तळाला, चाकांच्या बाजूला. प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. वजनाचा काटा माझा स्वतःचा आहे. तो बरोबर परवानगीच्या आकड्यावर थांबला की घरातली माणसं माझ्याकडे अशा आदरानं बघतात, की तसं माझ्या एकाही मॅनेजरनं कधी बघितलं नाही. बॅगेत रिकामी जागा दिसली की मला अस्वस्थ व्हायला होतं. नुसती हवा घेऊन जायला कोणी एवढं विमानाचं तिकीट काढत नाही.

माझी मुलगी कोलोराडोत फिजिओथेरपिस्ट आहे आणि धनुष्यबाणानं शिकार करते. हे वाक्य मी आता न अडखळता म्हणतो. पूर्वी ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात कोणी भेटलं की "तिला हायकिंगची आवड आहे" एवढ्यावर भागवायचो. लोक हादरतात हो. बटर चिकनची वाटी चाटूनपुसून साफ केलेला माणूस हात धुता धुता विचारतो, "पण तिला त्या मुक्या प्राण्याची दया नाही का येत?" मी स्वतः मटण खाणारा आहे, पण बकऱ्याशी आपली आधी ओळख होऊ नये एवढी काळजी मी आयुष्यभर घेतली. मुलीचं नेमकं उलटं. जे खायचं त्याच्याकडे आधी नीट बघायचं, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. पटलेली प्रत्येक गोष्ट करायला लागलो तर जगणं कठीण होईल, म्हणून मी पटण्यावरच थांबतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, इथला उन्हाळा संपत आला असताना, तिचा फोन आला. एल्कच्या शिकारीचा परवाना तिला लागला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊ समजा, अंगानं घोड्याएवढा. तिला हव्या असलेल्या डोंगराचा परवाना सोडतीत निघतो, आणि त्यासाठी ती कित्येक वर्षं अर्ज करत होती. त्या वर्षी नंबर लागला, आणि जिच्याबरोबर ती शिकारीला जायची त्या मैत्रिणीनं सायकलवरून पडून मनगट मोडून घेतलं.

"बाबा, तू येशील?" तिनं विचारलं. "तुला शूट नाही करायचंय. यू जस्ट हॅव टू कॅरी."

मग तिनं समजावून सांगितलं. एल्क पडला की तिथेच त्याचे भाग करायचे, कापडी पिशव्यांत घालायचे आणि पाठीवर मारून गाडीपर्यंत आणायचे. दोघांनी केलं तरी बऱ्याच खेपा होतात. सप्टेंबरमध्ये दुपारी ऊन चढतं, उशीर झाला तर मांस खराब होतं. एकटीला ते जमणार नाही.

"एवढा मोठा प्राणी मारायचा आणि त्याचं मांस डोंगरात सडू द्यायचं, दॅट आय वोन्ट डू," ती म्हणाली. "उचलायला दुसरं कोणी नसेल तर मी बाण सोडणार नाही. सो, आर यू शुअर?"

आर यू शुअर हे मराठी बापाला विचारण्यात काही अर्थ नसतो. मी हो म्हणून मोकळा झालो. बायको शेजारी भाजी निवडत होती. "परवा दुधाचे कॅन गॅरेजमधून आणताना कोण धापा टाकत होतं?" एवढंच ती म्हणाली. मी ते मनावर घेतलं नाही. वजन उचलण्याचा संबंध ताकदीशी नसून भरण्याशी असतो, असं माझं व्यावसायिक मत होतं.

बॅग घ्यायला मी पेनसिल्व्हेनियातल्या एका शिकारीच्या दुकानात गेलो. तिथे सगळ्याच वस्तूंवर झाडाची पानं छापलेली असतात. टोप्यांवर पानं, खुर्च्यांवर पानं, लहान बाळाच्या दुपट्यावरही पानं. जंगलात दिसू नये म्हणून केलेली वस्तू दुकानातही दिसत नाही, आणि मी एका बॅगेसमोर उभा राहून बॅगा कुठे आहेत असं विचारलं. मुलीनं मला काय बघायचं ते लिहून पाठवलं होतं: पाठीशी कडक फ्रेम, कमरेचा रुंद पट्टा, मऊ न वाजणारं कापड, आणि फ्रेम व पिशवी यांच्या मधोमध एक मोकळा कप्पा. मी मात्र सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त खिसे असलेली बॅग घेतली. घेतली ती अर्थात सेलमधली.

घरी येऊन तिला व्हिडिओवर दाखवली.

"बाबा, इतके खिसे कशाला?"

"असू देत. लागलं तर."

"प्रत्येक खिशाला एक चेन आहे, आणि प्रत्येक चेन वाजते. एल्कला ते ऐकू जातं."

"मी हळू उघडीन."

तिनं डोळे मिटून घेतले. तिच्या आईचीही हीच सवय आहे.

सराव मात्र मी मनापासून केला, हे कबूल करायला हवं. पाठीवर बासमतीच्या दोन पिशव्या बांधून रोज संध्याकाळी पार्कला फेऱ्या मारायचो. पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंनी गाडी थांबवून काच खाली केली आणि विचारलं, "भावजी, गाडी बिघडलीये का? सोडू का घरी?" तांदूळ पाठीवर घेऊन मी कुठेच जात नाहीये, हे त्यांना समजावता समजावता माझंच मला विचित्र वाटायला लागलं. पण महिनाभरात मी ते वजन आरामात वागवायला लागलो. एडिसन सपाट आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. तिथे राहून ती सहसा येतही नाही.

कोलोराडोत पायवाट जिथे सुरू होते तिथल्या पार्किंगमध्ये मुलीनं माझी बॅग उचलून बघितली, खाली ठेवली आणि उघडली. वर चिवडा होता. मग दशम्या, लोणचं, स्टीलचा डबा, थर्मास, दोन टॉवेल, छत्री, घडीचं स्टूल, बाम, झोपायची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या. फ्रेम आणि पिशवी यांच्या मधल्या कप्प्यात अगदी बेतानं बसवलेला छोटा कुकर होता. हात घालून तिनं तो बाहेर काढला.

"बाबा, ही जागा एल्कसाठी आहे."

"तो मिळेपर्यंत रिकामीच न्यायची?"

"हो. रिकामीच. दॅट्स द होल पॉइंट. आणि शिट्टी झाली ना, की या डोंगरातला प्रत्येक एल्क पळून शेजारच्या वायोमिंग राज्यात जाईल."

कुकर गाडीत गेला. चिवडाही गेला, कारण हिंगाचा वास वाऱ्याबरोबर आमच्या आधी पोचतो म्हणे. टॉवेल आणि छत्री गेली. प्लास्टिकच्या पिशव्यांवरून जरा वादावादी झाली. तिनं एक पिशवी कानाशी चुरगाळून दाखवली, आणि तो आवाज त्या शांततेत खरोखरच लाजिरवाणा होता, म्हणून त्याही काढल्या. पण स्टीलचा डबा, थर्मास, स्टूल आणि पाणी यांवर मी अडून बसलो. वर ओढा आहे आणि पाणी गाळायची नळी आहे, असं ती सांगत होती. ओढा आटला तर काय, असं मी विचारत होतो. त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्नच मूर्खपणाचा होता.

शेवटी ती म्हणाली, "ओके, घे. पण जड सामान तळाला नको, वर घे. पाठीला चिकटून, खांद्यांच्या मधे. मग वजन कमरेवर येतं. मी भरून देते."

"मला बॅग भरायला शिकवतेस?" मी म्हटलं. एडिसनमधल्या निम्म्या मराठी घरांच्या बॅगा मी भरल्या आहेत. ती हसली आणि तिनं नाद सोडला. पाण्याच्या बाटल्या तळालाच राहिल्या.

तिची स्वतःची बॅग बघण्यासारखी होती. सुरी, कापडी पिशव्या, दिवा, झोपायची पिशवी, थोडा सुका खाऊ, आणि बाकी पोकळ. अंतर मोजायची दुर्बीण आणि वाऱ्याची दिशा बघायची पावडरची बाटली कमरेच्या पट्ट्याला, हात घातला की मिळेल अशी. धनुष्य बाजूच्या पट्ट्यात, आणि तेही एका झटक्यात सुटेल असं. काढायला एकही चेन नाही. चालताना तिचा काही म्हणजे काही आवाज येत नव्हता. माझ्या डब्याचं झाकण मात्र प्रत्येक पावलाला हजेरी लावत होतं. मी त्यात एक मोजा कोंबला तेव्हा ते गप्प झालं. तीन दिवस मी तिच्या मागून चाललो आणि मला वारंवार एकच गोष्ट वाटली, की ही पोरगी जन्माला आली तेव्हा तिला हॉस्पिटलमधून घरी आणायला मी दोन बॅगा भरल्या होत्या, आणि आता तिला जगायला किती कमी लागतं.

चढ मी चढलो. सावकाश, पण चढलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उताराला लागलो तेव्हा तळातलं पाणी मला मागे खेचायला लागलं. तोल सावरण्यासाठी मी पुढे झुकत होतो आणि दर पावलाला सगळं ओझं उजव्या गुडघ्यावर आपटत होतं. मुक्कामाजवळ त्यात एक कळ आली आणि ती गेलीच नाही. सकाळपर्यंत गुडघा चांगला टरारून सुजला. मी सैल पॅन्ट घातली.

"गुडघा?" तिनं चहा हातात देताना विचारलं.

"छे. बूट नवीन आहेत, चावतायत."

ती लोकांच्या गुडघ्यांवर पोट भरते. मी मात्र तिला बुटांची गोष्ट सांगितली आणि तिनं ती ऐकून घेतली. सीझन संपत आला होता आणि तिची रजाही. इतकी वर्षं वाट बघून मिळालेला परवाना होता, आणि तिच्या बाणाचा निम्मा हिस्सा माझी पाठ होती. गुडघा दुखतोय म्हणालो असतो तर शिकार तिथेच संपली असती. म्हणून मी चालत राहिलो. चालताना चेहरा सरळ ठेवायचा सराव मला पुष्कळ आहे, मी वीस वर्षं स्टेटस मीटिंगा केल्या आहेत.

त्या सकाळी एल्क आला.

आम्ही एका पडलेल्या झाडामागे बसलो होतो. तिनं तोंडात धरायच्या एका पातळ पट्टीतून मादीचा आवाज काढला आणि समोरच्या झाडीतून उत्तर आलं. एवढ्या मोठ्या जनावराचा आवाज गंजलेल्या फाटकासारखा असतो, यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता. मग फांद्या मोडल्या. मग शिंगं दिसली, आणि ती शिंगं झाडांमधून वाट काढत काढत इतकी जवळ आली की त्याच्या अंगाचा उग्र, ओला वास माझ्यापर्यंत पोचला. तो मोकळ्यावर येऊन आडवा उभा राहिला. मला त्याच्या पापण्या दिसत होत्या. मला भीतीही वाटली आणि उगाचच रडू येईल असंही वाटलं. मटण कापताना मला असं कधी वाटलेलं नाही.

मुलीनं दोरी पूर्ण ताणली. तिचा हात हनुवटीशी स्थिर झाला. या क्षणासाठी तिनं किती पहाटे अंगणात बाण मारले होते, ते तिच्या आईनं मला सांगितलं होतं. तो हलत नव्हता. तीही हलत नव्हती.

आणि मग तिची नजर सरकली. मान नाही, फक्त डोळे. एल्कवरून ते माझ्यावर आले. मी उजवा पाय सरळ लांब टाकून बसलो होतो, कारण तो दुमडत नव्हता, आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला होता. मी तो कधी धरला हे मला माहीतसुद्धा नव्हतं. ती ते बघत होती. मग तिनं पुन्हा एल्ककडे बघितलं, आणि अगदी हळू, आवाज न करता, ताणलेली दोरी सैल करत परत जागेवर आणली.

एल्कनं दोन घास गवत खाल्लं. कुठलीही घाई न करता तो आला तसा झाडीत निघून गेला.

"काय झालं?" मी कुजबुजलो. "वारा फिरला का?"

"नाही."

"मग? अंतर जास्त होतं?"

"नाही, बाबा." तिनं बाण भात्यात ठेवला. "पॅन्ट वर कर, बघू दे."

मी पॅन्ट वर केली. तिनं बोटांनी चारही बाजूंनी दाबून बघितलं. तिचे हात थंड होते. मला राग आला. सुरुवातीला तो तिच्यावर आला, कारण ती समोर होती.

"मी उचललं असतं," मी म्हटलं. "थोडं थोडं करून आणलं असतं. दुखलं तर दुखलं. एकदा विचारायचं तरी होतंस."

"तू हो म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

"म्हणून नाही विचारलं."

मग तिनं माझी बॅग उघडली. सगळं सामान बाहेर काढलं, बाटल्यांतलं पाणी ओतून दिलं, आणि डबा, स्टूल, थर्मास एका कापडी पिशवीत घातले. तिनं स्वतःची फ्रेम उघडली आणि पिशवी त्या मधल्या कप्प्यात ठेवून पट्टे आवळले. वर माझी झोपायची पिशवी आणि शेवटी माझी रिकामी बॅगही बांधली. फांदीची एक काठी तोडून मला दिली. मी काठी टेकत, रिकाम्या पाठीनं तिच्या मागून उतरलो. तिनं भरलेलं ते ओझं काही केल्या हलत नव्हतं. मी वाटभर बघत होतो. इतकं नीट मीसुद्धा भरत नाही.

खाली पार्किंगमध्ये एक म्हातारा शिकारी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होता. तिच्या पाठीवरचा फुगवटा बघून त्यानं अंगठा वर केला.

"मिळाला वाटतं," तो इंग्रजीत म्हणाला. "मोठा आहे?"

"एल्क नाही," ती म्हणाली. "हे वडील आहेत माझे. सामान त्यांचं आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं आणि उरलेलं सँडविच गंभीरपणे संपवलं. मी हसलो. तीही हसली, पण लवकर थांबली.

आम्ही गाडीत बसलो. तिनं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती काचेतून डोंगराकडे बघत होती. मी 'पुढच्या वेळी' म्हणायला तोंड उघडलं. मग नंबर पुन्हा लागायला किती वर्षं जातात आणि तेव्हा माझं वय काय असेल ते आठवलं, आणि मी ते वाक्य आत ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "तो इतका जवळ होता रे."

"हो, बेटा," मी म्हटलं. "खूप जवळ होता."

मग ती रडली. मी तिला रडू दिलं आणि तिचा हात धरून बसलो.